शत्रू नसलेली लढाई : बार्किंग क्रीक, ६ सप्टेंबर १९३९

पूर्व लंडनमध्ये थेम्स नदीला मिळणारी बार्किंग क्रीक नावाची एक गढूळ खाडी आहे. जुन्या ब्रिटिश विनोदी रंगमंचावर नटाने तिचे नाव घेतले की प्रेक्षक हसत. आपल्याकडेही काही गावांची नावे नुसती उच्चारली तरी नाट्यगृहात खसखस पिकते, तसाच हा प्रकार. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी जे घडले ते या खाडीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर, एसेक्स आणि सफोक परगण्यांतल्या शेतांवर घडले. तरी वैमानिकांनी त्याला नाव दिले ‘बार्किंग क्रीकची लढाई’. थट्टा नावातच होती. ज्या लढाईत शत्रू नव्हता, तिला दुसरे काय म्हणणार?

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून तीन दिवस झाले होते. त्या सकाळी त्या आकाशात एकही जर्मन विमान नव्हते. तरीही ब्रिटिश हवाई दलाची दोन हरिकेन लढाऊ विमाने गोळ्या लागून खाली आली आणि एक वैमानिक ठार झाला. गोळ्या झाडणारी विमाने स्पिटफायर होती, म्हणजे त्याच हवाई दलाची, शेजारच्याच तळावरची. ज्या स्पिटफायरचे नाव पुढे जगभर गाजले, तिने युद्धात पाडलेले पहिले विमान हरिकेन होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

ब्रिटिश लढाऊ वैमानिकांच्या युद्धकथा आपण सहसा १९४० च्या उन्हाळ्यापासून, म्हणजे जर्मन हवाई दलाशी झालेल्या ‘ब्रिटनच्या लढाई’पासून वाचतो. डोव्हरचे पांढरे कडे, आकाशात धुराच्या रेघा, विशीतली पोरे, गळ्यात रेशमी रुमाल. या प्रकरणात त्यातले काहीच नाही. मला मात्र ते त्या सगळ्या शौर्यकथांपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखे वाटते, कारण इथे कुणी भित्रा नव्हता, कुणी फितूर नव्हता आणि जवळजवळ प्रत्येकाने आपले नेमून दिलेले काम केले होते. माणूस मेला तो त्यानंतर.

तीन दिवसांचे ताणलेले कान

३ सप्टेंबरला सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्धाची घोषणा केली आणि काही मिनिटांतच लंडनमध्ये भोंगे वाजले. लोक तळघरांकडे धावले. आले होते एकच विमान, तेही फ्रेंच, म्हणजे मित्राचे. त्याच्या येण्याची वर्दी फक्त वेळेवर पोचली नव्हती. ही झाली पहिल्याच दिवसाची गोष्ट.

त्या काळात सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होते : युद्ध सुरू होताच जर्मन बॉम्बफेकी विमानांचे थवे लंडनवर येणार आणि पहिल्या काही दिवसांतच शहर उद्ध्वस्त होणार. सरकारने मुलांना खेड्यांत हलवले होते, गॅसचे मुखवटे वाटले होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला आणि थवे आले नाहीत. न आलेल्या संकटाची वाट पाहणारा माणूस फार धोकादायक होतो. त्याला दोरीत साप दिसतो आणि मग तो भुई धोपटू लागतो.

वैमानिकांचे वय आणि अनुभव पाहा. यांतल्या कुणीही खरी हवाई लढाई पाहिली नव्हती. बहुतेकांनी जर्मन विमान पाहिले होते ते ओळख पटवण्यासाठी छापलेल्या काळ्या आकृत्यांमध्ये. जॉन फ्रीबॉर्न हा लीड्सकडचा मुलगा तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच्या स्पिटफायरच्या पंखांत ८ मशिनगन होत्या आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम पंधरा सेकंद चालतील एवढ्या गोळ्या. पंधरा सेकंदांचे काम, आणि त्यासाठी कित्येक महिन्यांची तालीम.

यंत्रणा कशी होती

प्रकरण समजायचे तर त्यामागची व्यवस्था आधी बघायला हवी. ती तिच्या काळात जगात सर्वांत पुढची होती, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर सुमारे वीस रडार केंद्रांची साखळी उभी होती. तिचे नाव ‘चेन होम’. सुमारे ११० मीटर उंचीचे पोलादी मनोरे रेडिओलहरी समुद्राकडे फेकत आणि वेगळे, लाकडी मनोरे परत आलेला प्रतिध्वनी झेलत. आजच्या रडारसारखी फिरणारी थाळी नव्हती. मोठा दिवा लावून सगळे अंगण उजळावे तसा तो लहरींचा झोत समोरच्या सगळ्या आकाशावर पडे. विमान असले की पडद्यावरच्या रेषेत एक टोक उमटे. ते किती दूर आहे हे रेषेवरून वाचता येई. कोणत्या दिशेला आहे हे शोधण्यासाठी चालक एक मूठ फिरवत राही आणि टोक नाहीसे झाले की त्या खुणेवरून दिशा ठरवी.

गोची इथेच होती. या पद्धतीत एकाच वेळी दोन दिशा निघत, एकमेकींच्या अगदी उलट. विमान समोर समुद्रावर आहे की पाठीमागे जमिनीवर, हे ठरवण्यासाठी वेगळी कळ दाबून पडताळा घ्यावा लागे. लहरी बहुतांश समुद्राकडेच जात, पण थोड्या मागेही झिरपत. पडताळ्याची ती सोय बिघडलेली किंवा नीट जुळवलेली नसेल, तर पश्चिमेला चाळीस किलोमीटरवर असलेले आपले विमान पूर्वेला समुद्रावर चाळीस किलोमीटरवर दिसणार. ते केंद्राच्या दिशेने उडू लागले की पडद्यावर वाटणार, समुद्रावरून कुणीतरी चाल करून येत आहे. आरशात उजव्याचे डावे व्हावे तसे.

किनारा ओलांडून विमान आत आले की रडारचे काम संपे. पुढे माणसांचे डोळे आणि कान : टेकड्यांवर दुर्बिणी घेऊन बसलेले निरीक्षक आणि सर्चलाइटच्या तुकड्या. या सगळ्यांच्या बातम्या टेलिफोनने येत, लंडनजवळच्या बेंटली प्रायरी या फायटर कमांडच्या मुख्यालयात त्या चाळल्या जात, मग विभागांकडे आणि तिथून सेक्टरच्या तळांकडे जात. मोठ्या टेबलावर नकाशा, त्यावर सरकवायच्या सोंगट्या, भोवती लांब दांड्या घेतलेली माणसे. सोंगटी नकाशावर ठेवली की ती सोंगटी झाली. तिच्यामागची बातमी खात्रीची की ऐकीव, हे सोंगटीला बघून कळत नसे.

आणि आकाशातले विमान आपले की परके हे रडारला सांगणारे यंत्र? त्याच्यावर काम चालू होते. त्या सकाळी लढाऊ विमानांत ते बसवलेले नव्हते.

सव्वासहाची बातमी

सकाळी सुमारे सव्वासहाला एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या मर्सी बेटावरून एका सर्चलाइट तुकडीने कळवले : उंचावरून अनोळखी विमान जात आहे. बस, एवढेच. ‘अनोळखी’. शत्रूचे, असे त्यात नव्हते.

नॉर्थ वील्ड तळावर ५६ क्रमांकाची स्क्वाड्रन होती, हरिकेन विमानांची. सेक्टरचे प्रमुख होते ग्रुप कॅप्टन डेव्हिड ल्यूकिंग. बातमीची खातरजमा करायला सहा विमाने, म्हणजे एक फ्लाइट, पुरेशी होती. ल्यूकिंग यांनी अख्खी स्क्वाड्रन वर पाठवली. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप आणि फ्रँक रोझ हे दोन पायलट ऑफिसर राखीव विमाने घेऊन आपल्या स्क्वाड्रनच्या मागोमाग उडाले आणि अंतर ठेवून येत राहिले. ते मागून येत आहेत हे पुढच्यांना ठाऊक नव्हते.

त्यांना दोष देणे मला जड जाते. युद्धाची पहिली खरीखुरी हाक आली, सगळे सोबती उडाले, धावपट्टीवर दोन विमाने उभी आहेत. विशी-पंचविशीतला कुठला वैमानिक खाली बसून चहा पिईल? पण टेबलाच्या हिशेबात न बसणारी दोन विमाने आता आकाशात होती.

इथून गाडी घसरली. हरिकेन वर गेली. एसेक्समधल्या कॅन्यूडन इथल्या रडार केंद्राच्या मागच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, ती पूर्वेला येत होती. पुढे सर्वांत जास्त मान्य झालेले स्पष्टीकरण असे की केंद्राने ती समुद्रावरून येणारी विमाने म्हणून नोंदली. टेबलावर शत्रूची सोंगटी आली. शत्रू आला म्हणून आणखी विमाने पाठवली गेली. नॉर्थ वील्डचीच १५१ स्क्वाड्रनही वर गेली. ती विमानेही शत्रू म्हणून दिसू लागली. शत्रू वाढला म्हणून आणखी कुमक. हॉर्नचर्च तळावरून ५४, ६५ आणि ७४ या स्पिटफायरच्या स्क्वाड्रन निघाल्या. विहिरीत ओरडावे, प्रतिध्वनी ऐकून आत कुणी आहे असे समजावे आणि त्याला उत्तर म्हणून आणखी मोठ्याने ओरडावे, तसे चालले होते.

एका अनोळखी विमानाच्या बातमीचे काही मिनिटांत हवाई हल्ल्यात रूपांतर झाले. आपल्याकडे ‘ध चा मा’ची कथा पोरासोरांना पाठ असते : राघोबादादांच्या पत्रात नारायणरावास ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशव्याला मारले. खरेखोटे इतिहासकार जाणोत. कथा लोकांना पटते, कारण तिच्यात अक्षर बदलणारा एक हात दिसतो. एसेक्सच्या त्या सकाळी तसा हात सापडत नाही. ‘अनोळखी’चे ‘शत्रू’ कुणी एकाने केले नाही. टेलिफोनच्या प्रत्येक टप्प्यावर शंका थोडी गळाली आणि खात्री थोडी वाढली, एवढेच.

आकाशातली दोन मिनिटे

७४ स्क्वाड्रनच्या फ्लाइटचे नेतृत्व अडॉल्फ मलानकडे होते. हा दक्षिण आफ्रिकेचा, आधी व्यापारी जहाजांवर काम केलेला, म्हणून सगळे त्याला ‘सेलर’ म्हणत. त्याच्यामागच्या तीन विमानांच्या गटात व्हिन्सेंट बर्न आणि फ्रीबॉर्न होते.

यांना सांगितले गेले होते की शत्रू आला आहे. त्यांनी आकाशात विमाने शोधली आणि त्यांना विमाने दिसली. एका मोठ्या गटाच्या मागे, थोड्या अंतरावर, दोन सुटी विमाने. आपण त्यांच्या जागी बसून पाहू. सूर्य नुकताच वर आलेला. समोरच्या विमानांना एकच इंजिन, एकच पंखाजोडी, अंगावर हिरवट-तपकिरी रंग. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाला तेव्हा अर्धा काळा आणि अर्धा पांढरा रंग दिलेला असे, आपले विमान पटकन ओळखू यावे म्हणून. पण ती खूण जमिनीवरून वर पाहणाऱ्या तोफखान्यासाठी आणि निरीक्षकांसाठी होती. वरून किंवा मागून झेपावणाऱ्या वैमानिकाला ती दिसणार कशी? ओळखीची खूण होती, आणि ती चुकीच्या बाजूला होती.

मलानने ‘टॅली-हो’ म्हटले. कोल्हा दिसला की शिकारी देतात ती ही आरोळी. हवाई दलात तिचा अर्थ, शत्रू दिसला, तुटून पडा. बर्न आणि फ्रीबॉर्न तुटून पडले. बर्नच्या गोळ्यांनी रोझचे विमान निकामी झाले. त्याने ते इप्सविचजवळ वेर्स्टेडच्या शेतात कसेबसे उतरवले आणि तो वाचला. फ्रीबॉर्नच्या गोळ्या हल्टन-हॅरपच्या विमानात मागून शिरल्या. वैमानिकाच्या पाठीमागे लावायचा चिलखती पत्रा त्या वेळी या विमानांत नव्हता. तो पुढच्या वर्षी आला. एक गोळी डोक्यात मागून लागली. हिंटलशम गावाजवळ विमान जमिनीवर आले, तेव्हा बहुधा त्याचा जीव आधीच गेला होता. तो २६ वर्षांचा होता. युद्धात मारला गेलेला ब्रिटनचा हा पहिला लढाऊ वैमानिक.

पुढे मलानचे म्हणणे असे की आपली विमाने आहेत हे लक्षात येताच त्याने रेडिओवरून ‘मित्र आहेत, मागे फिरा’ असे ओरडून सांगितले. फ्रीबॉर्नचे म्हणणे असे की असे काही कानावर आलेच नाही.

दोघांपैकी खोटे कोण, हा प्रश्न विचारणे सोपे आहे आणि गेली ऐंशी वर्षे लोक तो विचारत आले आहेत. पण त्या विमानांतला रेडिओ पाहा. टी-आर-नाइन नावाचा तो संच घरघर करी, विमानांमध्ये आपापसांत आवाज जाई तो काही किलोमीटरच, आणि तोही धड कळेल याचा भरवसा नसे. शिवाय आपल्या विमानाचा ठावठिकाणा जमिनीला कळावा म्हणून गटातल्या नेमलेल्या विमानाचा संच दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप खुणेचा सूर पाठवी. तेवढा वेळ त्याच्यावर बोलणे बंद. मलान ओरडला असेल आणि फ्रीबॉर्नने ऐकले नसेल, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

खटला

फ्रीबॉर्न हॉर्नचर्चला उतरला तेव्हा आपण शत्रूचे विमान पाडले अशाच समजुतीत होता. खाली येताच कळले. त्याला आणि बर्नला अटक झाली.

१७ ऑक्टोबर १९३९ रोजी बेंटली प्रायरीत कोर्ट मार्शल बसले. आदल्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, स्कॉटलंडमध्ये फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीवर स्पिटफायरनी पहिल्यांदा जर्मन बॉम्बफेकी विमाने पाडली होती. देश त्या बातमीने सुखावला असताना मुख्यालयातल्या बंद खोलीत स्पिटफायरच्या पहिल्या बळीचा हिशेब चालला होता.

बचावाचे वकील होते सर पॅट्रिक हेस्टिंग्ज. १९२४ च्या पहिल्या मजूर सरकारात ते ॲटर्नी जनरल होते आणि उलटतपासणीसाठी त्यांची ख्याती होती; आता युद्धामुळे हवाई दलाच्या गणवेशात आले होते. त्यांच्या जोडीला होता रॉजर बुशेल, तो वकीलही आणि लढाऊ वैमानिकही.

आणि फिर्यादीच्या बाजूने साक्षीला उभा राहिला खुद्द मलान, ज्याने ‘टॅली-हो’ दिली तोच. फ्रीबॉर्न उतावळा, बेजबाबदार, महत्त्वाच्या आदेशाकडे लक्ष न देणारा, असे त्याने सांगितले. हेस्टिंग्ज यांनी त्याला भर खटल्यात धडधडीत खोटारडा म्हटले. अखेर दोघेही वैमानिक निर्दोष सुटले. घडले ते दुर्दैवी चूक होती असा निर्वाळा मिळाला. खटल्याचे कागद सरकारने लोकांपुढे आणले नाहीत. जे कळते ते त्यात असलेल्यांच्या सांगण्यातून. ल्यूकिंग यांना नॉर्थ वील्डच्या जागेवरून हलवण्यात आले.

मलानविषयी माझे मत पूर्णपणे वाईट होत नाही, आणि हे मी थोडे नाइलाजाने लिहितो. पुढे तो ब्रिटनच्या सर्वांत नावाजलेल्या लढाऊ वैमानिकांपैकी एक झाला. हवाई लढाईचे त्याचे दहा नियम तळातळांवर भिंतींना लागले. युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेत परतल्यावर मिश्रवंशीय नागरिकांचा मताधिकार काढून घेण्याच्या सरकारी डावाविरुद्ध त्याने माजी सैनिकांची ‘टॉर्च कमांडो’ चळवळ उभी केली. हिंमत त्याच्यात होतीच. पण आपल्या आदेशावर झेपावलेल्या १९ वर्षांच्या पोराविरुद्ध साक्ष देताना तो त्या हिमतीने वागला असे मला वाटत नाही. फ्रीबॉर्न ही गोष्ट कधीच विसरला नाही. तरीही १९४० चा उन्हाळा ते दोघे एकाच स्क्वाड्रनमध्ये, एकाच आकाशात लढले. एकमेकांवर राग धरूनही एकमेकांची पाठ राखता येते, हे घरात भाऊबंदकी पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

नकाशा कुणीच का उघडला नाही?

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण रडारचा बिघाड, उतावळे वैमानिक, वाईट रेडिओ ही तीन कारणे सांगून थांबतात. मला चौथीच गोष्ट खटकते.

सप्टेंबर १९३९ मध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड जर्मनीच्या ताब्यात नव्हते. जर्मन लढाऊ विमानांना उडायचे ते जर्मनीतूनच. त्यांच्या मेसरश्मिट १०९ ची एकूण धाव साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. उत्तर समुद्र ओलांडून एसेक्सला येऊन परत जाणे त्याच्या टाकीत बसणारेच नव्हते. म्हणजे त्या सकाळी एसेक्सवर दिसलेले कोणतेही एक इंजिनाचे लढाऊ विमान ब्रिटिशच असणार, हे शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून सांगता आले असते. जर्मन आलेच असते तर दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने घेऊन. हरिकेन आणि दोन इंजिनांचे हाइंकेल यांत गल्लत होण्याचे कारण नाही.

हे ज्ञान हवाई दलात होते. गुप्तवार्ता विभागाकडे शत्रूच्या विमानांच्या पल्ल्याचे आकडे होतेच. पण ते फाइलीत होते. ट्रिगरवर बोट ठेवलेल्या मुलाला कुणी एका वाक्यात सांगितले नव्हते की बाबा रे, एक इंजिन दिसले तर आधी आपला समज. विमान ओळखायचे शिक्षण होते ते आकृत्यांचे : पंखाचे टोक गोल की चौकोनी, शेपटी कशी. ताशी पाचशे किलोमीटर वेगात, उगवत्या उन्हात, छातीत धडधडत असताना पंखाचे टोक कोण पाहतो?

अर्थात, हे मी घरात बसून, सगळे निकाल ठाऊक असताना लिहितो आहे. त्या टेबलाभोवती उभे असतो तर मीही कदाचित सोंगटीच सरकवली असती. तरी एक प्रश्न उरतो. सर्चलाइटच्या पहिल्या बातमीपासून शेवटच्या गोळीपर्यंत कुठेही ‘थांबा, पुन्हा विचारा’ असे म्हणण्याची जागा त्या व्यवस्थेत होती का? विमाने वर पाठवण्याचे अधिकार अनेकांकडे होते. वर गेलेल्यांना ‘शत्रूची खात्री झालेली नाही’ एवढे सांगणे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

नंतर

हवाई दल शिकले, आणि झपाट्याने शिकले. आपले की परके सांगणाऱ्या यंत्राचे काम जोरात पुढे रेटले गेले. विमानात बसवलेला हा संच रडारची लहर पोचताच स्वतःहून उत्तर देई आणि पडद्यावरचे त्या विमानाचे टोक ठरावीक वेळाने फुगे. १९४० च्या लढाईत ते लढाऊ विमानांत होते. घरघरणाऱ्या संचांच्या जागी स्वच्छ आवाजाचे नवे रेडिओ येऊ लागले. रडारचा पडताळा, बातम्या चाळण्याची पद्धत, सेक्टरचे नियंत्रण, सगळ्यांची उजळणी झाली. १९४० मध्ये जर्मन थवे खरोखर आले तेव्हा हीच यंत्रणा, याच टेबलांवरून, याच सोंगट्यांनी लढली आणि टिकली. बार्किंग क्रीकमुळे १९४० जिंकले, असे मी म्हणणार नाही. ते फार गोड होईल, आणि हिंटलशमच्या शेतात पडलेल्या माणसाच्या आईला ते सांगायची माझी तयारी नाही.

ओळख सांगणारे यंत्र आले म्हणून प्रश्न संपला असेही झाले नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानी विमाने सीमेकडे आली असताना श्रीनगरजवळ बडगाममध्ये भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक असे सात जण गेले. त्यांत नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. चौकशीअंती आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडल्याचे निघाले आणि हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ताणलेली सकाळ, येणार म्हणून धरलेला शत्रू आणि पडद्यावर सरकत येणारी एक खूण. ऐंशी वर्षांत यंत्रे कुठल्या कुठे गेली, खूण पाहणारा माणूस मात्र तोच.

राहिली माणसे. रोझ त्या दिवशी वाचला, पण १८ मे १९४० रोजी फ्रान्समध्ये वित्रीजवळ लढताना मारला गेला. त्याच महिन्यात बर्न आणि बुशेल दोघेही पाडले जाऊन जर्मनांच्या हाती लागले. आरोपी आणि त्याचा वकील श्टालाग लुफ्ट ३ या एकाच युद्धकैदी छावणीत येऊन पडले. बुशेलने तिथे भुयारे खणवून ७६ कैद्यांना बाहेर काढणारी मार्च १९४४ ची प्रसिद्ध सुटका आखली. पकडल्या गेलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांत तोही होता. बर्नने वेगळी वाट धरली. त्याने वेड लागल्याचे सोंग इतके बेमालूम वठवले की डॉक्टरांची खात्री पटली आणि १९४४ मध्ये त्याला मायदेशी पाठवण्यात आले.

फ्रीबॉर्न १९४० च्या लढाईतून पार पडला, शौर्याचे डी.एफ.सी. पदक दोनदा मिळवले, पुढे ११८ स्क्वाड्रनचा प्रमुख झाला, विंग कमांडर म्हणून निवृत्त झाला. हल्टन-हॅरपला नॉर्थ वील्डच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात पुरले आहे, ज्या तळावरून तो उडाला त्याच्याच शेजारी.

फ्रीबॉर्न ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी वारला. त्याच्या आदल्या वर्षी कुणीतरी त्याला त्या सकाळविषयी विचारले. त्याची मला जवळजवळ रोज आठवण येते, आधीपासूनच येत आली आहे, असे तो म्हणाला. मला चांगले आयुष्य मिळाले, आणि त्यालाही मिळायला हवे होते.